उड्डाणाची तारीख आणि राखणीचा इतिहास : ‘मेघा-ट्रॉपिक्स’ची अकरा वर्षे

१/
दिनांक ७ मार्च २०२३. भारतीय वेळेनुसार दुपारी ४:३२ आणि सायंकाळी ६:२१ अशा दोन वेळांना एका वृद्ध उपग्रहाचे चार लहान थ्रस्टर प्रत्येकी सुमारे २० मिनिटे पेटले. त्यानंतर तो वातावरणाच्या दाट थरांत शिरला आणि प्रशांत महासागराच्या निर्जन पट्ट्यावर त्याचा शेवट झाला. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेल्या या उपग्रहाचे नाव ‘मेघा-ट्रॉपिक्स’.

२/
त्याच्या उड्डाणाची तारीख, १२ ऑक्टोबर २०११, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून पाठ केली जाते. श्रीहरिकोटा, पीएसएलव्ही-सी१८, मुख्य प्रवासी मेघा-ट्रॉपिक्स, सोबत तीन छोटे उपग्रह. येथे उत्तर संपते आणि एक गुण मिळतो. या धाग्याचे म्हणणे असे, की इतिहास त्या तारखेपासून सुरू होतो. आणि नेमका तोच भाग आपण लिहीत नाही.

३/
प्रथम भूगोल, कारण इतिहासाला जमीन लागते. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल हे अंजनी नदीकाठचे जुने गाव सुमारे २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेघा-ट्रॉपिक्सच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल २० अंशांचा होता. म्हणजे हा उपग्रह उत्तरेकडे येताना साधारण नाशिकच्या अक्षांशापर्यंत येई आणि तेथून पुन्हा दक्षिणेकडे वळे. एरंडोलच्या अगदी डोक्यावरून तो कधीच गेला नाही. गाव त्या सीमारेषेच्या जेमतेम शंभर किलोमीटर उत्तरेला राहिले.

४/
तरीही एरंडोलचे आकाश त्याच्या नजरेत होते. त्याची आर्द्रता मोजणारी नजर सुमारे १,७०० किलोमीटर रुंद पट्टा व्यापत असे, म्हणजे मार्गाच्या दोन्ही बाजूंना साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. सगळे खानदेश त्यात सहज मावते. ८६७ किलोमीटर उंचीवरून सुमारे १०२ मिनिटांत एक याप्रमाणे तो दिवसाला चौदा फेऱ्या घाली, आणि उष्ण कटिबंधातील एकच ठिकाण दिवसातून अनेक वेळा पाही.

५/
ही कक्षा मुद्दाम निवडलेली होती. हवामानाचे बरेच उपग्रह दोन्ही ध्रुवांवरून फिरतात. पृथ्वी सगळी दिसते, पण एका ठिकाणी त्यांची भेट दिवसाला साधारण दोनदाच होते. मोसमी ढगांना एवढी वाट पाहण्याची सवय नसते. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी भरून येते आणि रात्रीपर्यंत रिते होते. तो जन्म, ती वाढ आणि तो अंत पाहायचा, तर वारंवार परतून यावे लागते. मेघा-ट्रॉपिक्स हेच करण्यासाठी घडवला गेला.

६/
खानदेशच्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. मृग कोरडा गेला, पहिल्या सरीवर विश्वासून कापूस लावला आणि मग पावसाने महिनाभर दडी मारली, तर ‘दुबार पेरणी’ हे दोन शब्द घराचा वर्षभराचा हिशेब मोडतात. एक उपग्रह एरंडोलच्या शेतकऱ्याला पेरणीचा दिवस सांगत नव्हता, आणि तसा दावा करणे खोटे ठरेल. मात्र ज्या गणितांतून पावसाचे अंदाज निघतात, त्यांना हवेतील बाष्पाची खरी मोजमापे लागतात. ती पुरवणाऱ्यांत हा एक होता.

७/
त्याच्यावर चार उपकरणे होती. ‘मद्रास’ हे पाऊस आणि ढगांतील पाणी व बर्फ यांचा सूक्ष्मलहरींतून वेध घेणारे, भारत आणि फ्रान्स यांनी संयुक्तपणे बनवलेले. ‘साफिर’ हे बाष्पाचा उभा आलेख मांडणारे, ‘स्कॅरॅब’ हे पृथ्वीकडून परत जाणारी ऊर्जा मोजणारे. ही दोन्ही फ्रान्सची. आणि ‘रोसा’ हे जीपीएसच्या लहरी वातावरणातून किती वाकतात हे पाहून तापमान व आर्द्रता काढणारे, इटलीचे. उपग्रहाचे नियोजित आयुष्य होते तीन वर्षे.

८/
आता म्हातारपणाकडे येऊ. उपग्रह झिजतो म्हणजे नेमके काय होते? दर १०२ मिनिटांना तो एकदा उन्हात तापतो आणि एकदा पृथ्वीच्या सावलीत गारठतो. दहा वर्षांत असे पन्नास हजारांहून अधिक वेळा घडते. सौरपट्ट किरणोत्साराने मंदावतात. बॅटरी भरते-रिती होते आणि हळूहळू कमी साठवू लागते. फिरणाऱ्या भागांतील वंगण सरते. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेला एक जोडीदार, म्हणजे राखीव यंत्रणा, दिलेली असते. पहिली बिघडली की दुसरी चालू होते. त्यानंतर मात्र मागे कोणी उरत नाही.

९/
विहिरीवरचा पंप बिघडला तर मिस्त्री बोलावता येतो. येथे मिस्त्री आठशे किलोमीटर खाली बसलेला. त्याच्या हाती फक्त आकडे येतात: अमुक भागाचे तापमान, तमुक तारेतील विद्युतप्रवाह. तेही उपग्रह भूकेंद्राच्या टप्प्यात असेल तेवढीच दहा-पंधरा मिनिटे. त्या आकड्यांवरून दुखणे ओळखायचे, आज्ञा लिहायची, तपासायची, पाठवायची आणि पुढच्या फेरीची वाट पाहायची. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या कामाला ‘कार्यान्वयन’ असे रुक्ष नाव आहे.

१०/
मेघा-ट्रॉपिक्सचे पहिले मोठे दुखणे लवकरच आले. ‘मद्रास’चे संवेदक सतत फिरत राहून खालचा पट्टा न्याहाळत असे. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या या फिरण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते उपकरण निकामी झाल्याचे जाहीर झाले. मोहिमेचे सर्वांत महत्त्वाकांक्षी उपकरण नियोजित तीन वर्षांची निम्मी वाटही धड चालले नाही.

११/
येथे दोन प्रकारचे इतिहासलेखन संभवते. एक प्रकार ‘मद्रास’चे नाव गाळतो आणि उरलेल्या यशाचा गजर करतो. दुसरा प्रकार तेवढेच नाव उचलतो आणि मोहीम फसली असा शिक्का मारतो. दोन्ही आळशी आहेत. कारण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: पाऊस मोजणारा डोळा मिटल्यावर उरलेल्या डोळ्यांनी काय पाहिले?

१२/
त्यांनी पुष्कळ पाहिले. ‘साफिर’ बाष्प मोजत राहिले. त्याची मोजमापे पुढे युरोपीय हवामान केंद्रासह जगातील मोठ्या अंदाज-केंद्रांच्या गणितांत घेतली गेली. २०१४ मध्ये जपान आणि अमेरिका यांनी जागतिक पर्जन्यमापनाचा मुख्य उपग्रह सोडला. त्याला साहाय्य करणाऱ्या अनेक देशांच्या उपग्रह-समूहात मेघा-ट्रॉपिक्सही होता. तीन वर्षांसाठी घडवलेल्या यंत्राने २०२१ पर्यंत सेवा दिली. अपंगत्व आलेल्या यंत्राकडून हे काम करून घेणे हे उड्डाणापेक्षा कमी कौशल्याचे नव्हते.

१३/
जुन्या उपकरणाची गोष्ट आणखी एका कारणाने बारकाईने लिहावी लागते. उपकरण एकदम बंद पडले तर कळते. ते हळूहळू सरकू लागले तर कळत नाही. ‘साफिर’ दर फिरतीत एकदा उपग्रहावरच्या ज्ञात तापमानाच्या पृष्ठाकडे आणि एकदा थंड अवकाशाकडे पाहून स्वतःला तपासत असे. तराजू दोन ठरलेल्या वजनांनी पारखावा, तसे. तरी दहा वर्षांच्या आकड्यांत दिसणारा बदल हवेतला की यंत्रातला, हे ठरवायला यंत्राची दिनचर्या माहीत असावी लागते: कधी कोणती राखीव यंत्रणा चालू केली, कधी कोणता भाग बंद ठेवला, आणि का.

१४/
महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी गिरवला आहे, आणि तो अवकाशात नव्हे, मुंबईच्या दक्षिण टोकावर. कुलाबा वेधशाळा १८२६ ची. बाळशास्त्री जांभेकरांनी तिचा कारभार पाहिला. केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तेथे काम करीत होते. १८४० च्या दशकापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. सुरुवातीच्या काळात माणूस उपकरणावर डोळा लावून आकडा वाची आणि वहीत हाताने उतरवी. दिवसा, रात्री, सणावारी.

१५/
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने चुंबकीय नोंदी दूषित होणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. नवी जागा शोधली गेली ती अलिबागला. खरी दूरदृष्टी मात्र जागेत नव्हती, पद्धतीत होती. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केले असे झाले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी एकाच वेळी घेतल्या गेल्या.

१६/
ही दोन वर्षे का महत्त्वाची? जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक त्या काळात मोजता आला, आणि दोन मालिका सांधून एक करता आली. मूस यांनी पुढे १९१० मध्ये कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी विवेचनासह प्रसिद्ध केल्या. बंद होणाऱ्या जागेचे सारे संचित त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिले. ट्राम पुढे १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये बंदही झाली. नोंदींची मालिका अजून चालू आहे.

१७/
त्या वह्यांचे मोल किती होते, हे कळायला जवळजवळ दीड शतक लागले. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. कुलाब्याला त्या वेळी नोंदणारा माणूस जागेवर होता. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या आणि सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण जगासमोर मांडली. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना सौर वादळाचा धोका किती, याचा अंदाज बांधताना कुलाब्याची ती नोंद हटकून पुढे येते. वही लिहिणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

१८/
यावर एक आक्षेप रास्त आहे. जुने यंत्र चालवायला माणसे आणि पैसा लागतो. तोच नव्या यंत्रावर का खर्चू नये? हा वाद जगात खरोखर झाला आहे. उष्ण कटिबंधातील पाऊस मोजणारा अमेरिका-जपानचा ‘टीआरएमएम’ उपग्रह १९९७ मध्ये सुटला. त्याचेही नियोजित आयुष्य तीन वर्षांचेच होते. इंधन वाचावे म्हणून २००१ मध्ये त्याला ३५० वरून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर नेले गेले. २००४ मध्ये त्याला निवृत्त करण्याचा निर्णय झाला, आणि शास्त्रज्ञांनी त्याला जोरदार विरोध केला.

१९/
विरोध यशस्वी झाला आणि ‘टीआरएमएम’ २०१५ पर्यंत चालला. नव्या उपग्रहाशी त्याच्या मोजमापांची तुलना करता यावी एवढा काळ दोघे एकाच वेळी आकाशात होते. कुलाबा-अलिबागचीच युक्ती, शंभर वर्षांनी. पण त्यासाठी किंमत मोजावी लागली. नियंत्रित अवतरणासाठी राखायचे इंधन काम लांबवण्यात खर्ची पडले आणि जून २०१५ मध्ये तो अनियंत्रितपणे खाली आला. सुदैवाने हिंदी महासागरावर.

२०/
म्हणून मेघा-ट्रॉपिक्सचा शेवट अभ्यासण्याजोगा आहे. २०२१ मध्ये सेवा संपली तेव्हा त्याच्या टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरले होते. तसाच सोडला असता, तर हा हजार किलोचा उपग्रह शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता. उरलेल्या इंधनामुळे स्फोट होऊन तुकडे पसरण्याची धास्ती वेगळीच. आंतरराष्ट्रीय संकेत सांगतो, की काम संपलेला उपग्रह पंचवीस वर्षांच्या आत खाली यावा किंवा आणावा.

२१/
अडचण अशी, की तो नियंत्रितपणे खाली आणण्यासाठी घडवलेलाच नव्हता. अनेक यंत्रणांचे राखीव जोडीदार संपले होते, काहींची क्षमता घटली होती, आणि मूळ आराखड्यापेक्षा खूपच कमी उंचीवर त्यांना काम करायला लावायचे होते. ऑगस्ट २०२२ पासून १८ वेळा थ्रस्टर पेटवून कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. सौरपट्ट्यांची दिशा बदलून वातावरणाचा रोध कसा बदलतो, याचा अभ्यासही वाटेत उरकला गेला. दोन अवकाशस्थानकांत माणसे राहत होती. प्रत्येक हालचालीपूर्वी त्यांचे मार्ग तपासणे भाग होते.

२२/
अखेरच्या दोन ज्वलनांनंतर कक्षेचे सर्वांत खालचे टोक ८० किलोमीटरच्याही खाली आले. लक्ष्य होते ५ ते १४ अंश दक्षिण अक्षांश आणि १०० ते ११९ अंश पश्चिम रेखांश यांमधील समुद्र. बंगळुरूच्या ‘इस्ट्रॅक’मधील नियंत्रण कक्षाने हे सारे हाताळले. तीन वर्षांसाठी घडवलेले यंत्र अकराव्या वर्षानंतरही शब्द पाळते, याचे श्रेय यंत्राला किती आणि त्याची नाडी ओळखणाऱ्या माणसांना किती, याचा निवाडा वाचकाने करावा.

२३/
मराठी इतिहासप्रेमींना हा प्रश्न परका वाटू नये. गड कोणत्या रात्री घेतला, हे आपल्याला पाठ असते. त्या गडावर हवालदाराच्या सोबतीला सबनीस आणि कारखानीस असत. हजेरी, जमाखर्च, धान्य, दारूगोळा यांचा हिशेब ते ठेवीत. आज्ञापत्रातील दुर्गांविषयीचा भाग पाण्याच्या सोयीपासून साठ्याच्या काळजीपर्यंत बारकाईने बोलतो. गड एका रात्रीत जिंकता येतो. तो राखायला दर पावसाळा निभवावा लागतो. तरी पोवाडा कारखानिसावर होत नाही.

२४/
आता या धाग्याचे मत, स्पष्ट शब्दांत. भारतीय अवकाश कार्यक्रमाचा इतिहास उड्डाणांच्या यादीतून बाहेर यायला हवा. त्यासाठी संपलेल्या प्रत्येक वैज्ञानिक मोहिमेची कार्यान्वयन-दैनंदिनी, म्हणजे कोणत्या दिवशी काय बिघडले, कोणता उपाय योजला, कोणता फसला, हे सारे मोजमापांच्या बरोबरीने जपले जावे आणि ठरावीक काळानंतर अभ्यासकांना खुले व्हावे. तिच्यावर काम केलेल्यांच्या मुलाखती ते हयात असतानाच नोंदल्या जाव्यात.

२५/
यावर सुरक्षेचा आक्षेप येईल. संवेदनशील भाग वेगळा काढावा. पण हवेतील बाष्प मोजणाऱ्या, समुद्रात विसर्जित झालेल्या उपग्रहाच्या बॅटरीची दहा वर्षांची कहाणी कोणत्या शत्रूच्या कामी येणार? सरकारी कागदपत्रांची जपणूक आणि काळ उलटल्यावर ती अभ्यासकांना खुली करणे, यासाठी देशात १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. तत्त्व नवे नाही. ते अवकाशातील यंत्रांच्या दैनंदिनीला लावायचे आहे, इतकेच.

२६/
दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: अपयशाच्या नोंदी उघड केल्या तर लोक हसतील. हसतील, एखादा दिवस. पण ‘मद्रास’ का थांबले हे नीट लिहून ठेवले, तर पुढचे फिरते संवेदक घडवणारा विद्यार्थी तेथून सुरुवात करील. लपवलेले अपयश प्रत्येक पिढीला नव्याने विकत घ्यावे लागते.

२७/
एरंडोलची एक जुनी ओळख येथे आठवावी. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये हे गाव जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध असल्याची नोंद आहे. त्याच वेळी तो धंदा मावळतीला लागल्याचीही. कागद दिसायला राकट होता, पण ज्याच्यावर हिशेब टिकतो तो पदार्थ देखणा असावाच लागतो असे नाही. कारागिरीचे नाव गॅझेटियरात एका ओळीपुरते उरले. ती चालवणाऱ्या माणसांची नावे त्या ओळीत नाहीत.

२८/
मेघा-ट्रॉपिक्सच्या राखणदारांचे असे होऊ नये, एवढाच आग्रह. पुढच्या उपग्रहाचे उड्डाण होईल तेव्हा तारीख जरूर पाठ करावी. मात्र पाच वर्षांनी, सात वर्षांनी, बातम्या थांबलेल्या असताना एक प्रश्न विचारत राहावा: तो अजून चालू आहे का, आणि त्याला कोण चालवत आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या उत्तराची नोंद ठेवायला आजपासून सुरुवात करावी.

(धागा समाप्त)